मेपलच्या मुळातली बुरशी

मी पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे पेशंट मला क्वचितच भेटत; भेटायचे ते त्यांचे तुकडे. ऑपरेशन थिएटरमधून आलेला गाठीचा, फुप्फुसाचा, आतड्याचा तुकडा, त्याचे पातळ काप, काचपट्टी आणि तिच्यावर वाकलेली मी. ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमध्ये माझं कामाचं सगळं आयुष्य असं गेलं. त्यात बुरशीशी माझी ओळख झाली ती शत्रू म्हणूनच. किमोथेरपीने ताकद संपलेल्या माणसाच्या फुप्फुसात बुरशीचे तंतू शिरलेले दिसले, की मी काचपट्टी बाजूला ठेवून आधी फोन उचलायचे. रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबायची सोय नव्हती, इतकी ती बातमी वाईट. त्यामुळे "चांगली बुरशी" हे शब्द मी जेव्हा पहिल्यांदा ऐकले, तेव्हा माझा चेहरा कसा झाला ते मला बघता आलं नाही. आमचे मिस्टर मात्र अजून त्याची नक्कल करून दाखवतात.

रिटायर झाल्यावर आम्ही ओहायोचं घर विकून व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला आलो, कारण मुलगी आणि जावई इथे. टाउनहाउस घेतलं, ओळीतलं शेवटचं, कोपऱ्यावरचं. मिस्टर सिव्हिल इंजिनिअर, मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. त्यांनी महिन्याभरात कॉलनीतल्या प्रत्येक गटाराचा उतार पायी फिरून तपासला आणि एचओएच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, लँडस्केप कमिटीत जागाही मिळवली. मला मात्र काय करावं ते कळेना. "आई, आता रिलॅक्स कर ना," मुलगी म्हणायची. रिलॅक्स करायचं शिक्षण मी घेतलेलं नव्हतं. योगाच्या क्लासला गेले, बुक क्लबला गेले, भजनालाही जाऊन आले. सगळीकडे बायका छान होत्या. पण गाडीतून परत येताना वाटायचं, बरं, आणि आता उद्या?

आमच्या कोपऱ्यावर, साइडवॉक आणि रस्ता यांच्यामध्ये, गवताची एक चिंचोळी पट्टी आहे. आम्ही आलो तेव्हा तिथे एक रेड मेपल होता. पहिल्या हिवाळ्यानंतर त्याला पानं फुटली ती कडेने करपलेलीच, आणि उन्हाळा संपेपर्यंत झाड वाळलं. एचओएच्या कॉन्ट्रॅक्टरने ते उपटून दुसरं लावलं. पुढच्या एप्रिलमध्ये सगळी कॉलनी हिरवीगार आणि हे दुसरं झाड काठीसारखं उभं. शेजारीण म्हणाली, तुमच्या आधीच्या लोकांच्या वेळीही तिथे एक मेलं होतं.

त्याच एप्रिलमध्ये आमच्या बेसमेंटची खोली बघायला एक मुलगी आली. ओळखीतून ओळख निघालेली. अकोल्याकडची, शेतकी कॉलेजात शिकून इथे पीएचडी करणारी. गाडी लावून ती दाराशी यायच्या ऐवजी त्या वाळक्या झाडाशी उकिडवी बसली. आम्ही दोघं दार उघडून बघत राहिलो.

"काकू, हे झाड कशाने गेलं?" मान वर करून तिने विचारलं. नमस्कार वगैरे त्यानंतर झाला.

"काय माहीत. हे दुसरं."

"हिवाळ्यात बर्फाचा ढीग इथेच करतात का?"

"इथेच," मिस्टर म्हणाले. "बर्फ सारणारा प्लाउवाला इथे वळतो ना, तेव्हा पुढचा सगळा बर्फ याच कोपऱ्यात ढकलतो."

"आणि त्या बर्फाबरोबर रस्त्यावर टाकलेलं मीठ." तिने मातीवरची पांढरट खपली नखाने उचलून दाखवली. "हे बघा."

मिस्टरांनी ती खपली तिच्या हातातून घेतली आणि मी काही म्हणायच्या आत जिभेला लावली. "खारट आहे," त्यांनी जाहीर केलं.

"अहो, सगळ्या कॉलनीतली कुत्री फिरतात तिथे!"

मुलगी इतकी हसली की तिला खाली गवतावर बसावं लागलं. खोली तिने नंतर पाहिली, आणि फार बारकाईने पाहिलीही नाही.

त्या संध्याकाळी तिला जेवायलाच थांबवलं. साधंच होतं, मुगाची खिचडी, कढी आणि पापड. जेवताना ती तिच्या गावाबद्दल बोलली. गाव खारपाणपट्ट्यात. मिस्टरांना तो भाग ऐकून माहीत होता, मला नव्हता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली काळीभोर जमीन, पण खालचं पाणी खारं. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते धड पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. तिचे वडील तिथल्या शाळेत शिक्षक. दर पावसाळ्यात ते मुलांकडून शाळेच्या आवारात रोपं लावून घेत. पाऊस असेपर्यंत रोपं मजेत वाढत. मग उन्हाळा आला की त्याच खाऱ्या विहिरीचं पाणी घालावं लागे, आणि पानं कडेपासून तपकिरी होत जात.

"पण काही रोपं जगायची ना काकू," ती म्हणाली. "तेच पाणी, तीच माती. एक मरायचं आणि त्याच्या शेजारचं जगायचं. मी तेव्हापासून विचारते, काहून?"

"मग? काहून?" मिस्टरांनी तिच्याच शब्दात विचारलं.

"कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक म्हणजे बुरशी. मुळात राहणारी, चांगली बुरशी."

माझा तो प्रसिद्ध चेहरा झाला तो इथे. "अगं, बुरशीने माणसं मरताना बघितलीत मी," मी म्हटलं. "फुप्फुसात, मेंदूत, डोळ्याच्या खोबणीत. कुठे चांगली असते ती?"

"ती वेगळी, काकू. ही मुळात शिरते, पण मूळच हिला आत येऊ देतं. झाड तिला साखर देतं. ती बाहेर मातीत आपले तंतू पसरते, मुळांना पोचता येत नाही तिथपर्यंत, आणि पाणी आणते, फॉस्फरस आणते. बहुतेक सगळ्या झाडांच्या मुळात असते. मायकोरायझा म्हणतात या जोडीला."

"आणि मिठाचं काय?"

तिने ताटातला पापड बाजूला ठेवला आणि बोटाने टेबलावर झाड काढत सांगू लागली. मीठ झाडाला दोन बाजूंनी मारतं. एक तर माती ओली असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. शिवाय सोडियम वर चढतं, पानाच्या कडेला साठतं आणि पान जळतं. मुळात बुरशी असली की पाणी मिळवायला मदत होते, पोटॅशियम जास्त मिळतं, आणि बरंचसं सोडियम खालीच अडकून राहतं, पानापर्यंत पोचत नाही.

"असं आम्हाला वाटतं," ती पुढे म्हणाली. "बऱ्याच झाडांत दिसलंय. सगळ्यांत नाही."

ती मला आवडली ती या शेवटच्या दोन शब्दांसाठी. मी आयुष्यभर ज्या डॉक्टरांवर विश्वास ठेवला, ते सगळे असंच बोलायचे.

मे महिन्यात ती राहायला आली. खाली तिचं स्वतंत्र दार होतं, पण ती वरूनच यायची जायची. सुरुवातीला वाटलं, चहासाठी येते. मग लक्षात आलं, घरात कोणाचा तरी आवाज लागतो तिला. मलाही लागत होता.

युनिव्हर्सिटीचं ग्रीनहाउस आमच्या घरापासून पाऊण तासावर. उन्हाळ्यात एका रविवारी ती आम्हाला ते दाखवायला घेऊन गेली. आत शिरल्या शिरल्या मिस्टर जागच्या जागी थांबले. समोर कुंड्यांच्या रांगा आणि कुंड्यांमध्ये चक्क ज्वारी. "अगं, ही तर जोंधळ्याची ताटं!" त्यांनी एका पानावरून हात फिरवला. व्हर्जिनियात, काचेच्या घरात, एसीच्या पंख्यासमोर ज्वारी डुलत होती.

तिने समजावलं. ही बुरशी भाकरीवरच्या बुरशीसारखी बशीत वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागतं. ज्या मोठ्या रस्त्यांवर दर हिवाळ्यात मीठ पडतं, त्यांच्या कडेला काही जुने मेपल तग धरून आहेत. त्यांच्या मुळाशी खणून तिने थोडी थोडी माती आणली होती. खाऱ्या जागी जगलेल्या झाडाच्या मुळातली बुरशी बहुधा खाऱ्याला सरावलेली असेल, असा तिचा अंदाज. ती वाढवायला ज्वारी सगळ्यात सोयीची, भरभर आणि भरपूर मुळं धरते.

"मग हुरडा कधी?" मिस्टरांनी विचारलं.

"काका, हिला आता पाणी तोडायचंय. ताटं मुद्दाम वाळवायची. म्हणजे बुरशीला वाटतं, आता आपलं काही खरं नाही, आणि ती मातीत भरपूर बीज सोडते."

चांगली पोसलेली ज्वारी कोणी मुद्दाम वाळवतं हे मिस्टरांना पटायला फार जड गेलं. परत येताना गाडीत ते दोनदा म्हणाले, "निदान कणसं तरी भरू द्यायची." पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या मागच्या अंगणात स्वतःसाठी ज्वारी पेरली. ती हरणांनी खाल्ली.

माझा या कामाशी संबंध आला तो हिवाळ्यात. ती रोज उशिरा यायची, डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, ज्वारीच्या मुळांच्या स्लाइड्स मोजतेय. मुळाचे तुकडे रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि कुठे कुठे बुरशी दिसते ते नोंदत जायचं. शेकड्यांनी तुकडे. शिवाय कुठली स्लाइड कुठल्या कुंडीतली हे मोजणाऱ्याला माहीत नसलेलं बरं, आणि हिला तर सगळं तोंडपाठ.

"मी मोजून देऊ का?" मी विचारलं. कामाच्या शेवटच्या दिवसानंतर मी मायक्रोस्कोपला हात लावलेला नव्हता.

तिच्या गाइडबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या, पण नियम तो नियम. व्हॉलंटिअर म्हणून मला ऑनलाइन सेफ्टी ट्रेनिंग घ्यावं लागलं. हातमोजे कसे घालावेत, काचेचा तुकडा कुठे टाकावा. परीक्षेत मी एक प्रश्न चुकले आणि मिस्टरांनी तो आनंद आठवडाभर पुरवला.

पहिल्या दिवशी तिने मला रंगवण्याची पद्धत दाखवली. मुळं आधी अल्कलीच्या द्रावणात गरम करून पारदर्शक करतात, आणि मग शाई आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणात बुडवतात. शाई म्हणजे फाउंटन पेनची साधी शाई. मी आयुष्यभर महागडे रंग वापरले होते; इथे टेबलावर शाईची दौत आणि व्हिनेगरची बाटली. मग मी खुर्ची पुढे ओढली, बुबुळांच्या अंतरानुसार नळ्या जुळवल्या आणि वाकले.

निळे तंतू मुळाच्या आत, पेशींच्या मधून वाट काढत गेलेले. हे माझ्या ओळखीचं चित्र होतं, आणि हात सवयीने फोनकडे जायला निघाला होता. मी सवयीने मरणाऱ्या पेशी शोधायला लागले. बुरशी शिरली की भोवती नासाडी असते. पेशी फुगतात, फुटतात, तो सगळा भाग उद्ध्वस्त झालेला दिसतो. इथे तसं काही नव्हतं. पेशींच्या भिंती शाबूत. मी एक स्लाइड बघितली, दुसरी बघितली. मग एका पेशीत तंतू आत वळून फांद्यांवर फांद्या फुटत गेलेला दिसला, इतका बारीक की सगळी पेशी त्या निळ्या डहाळ्यांनी भरली होती. मुळाच्या एका पेशीत उभं असलेलं एक इवलंसं झाड.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने समोरच्या, दुसऱ्या माणसासाठीच्या नळ्यांतून पाहिलं. "हेच ते, काकू. अर्बस्क्यूल. देवाणघेवाण इथे होते. साखर बुरशीला, फॉस्फरस झाडाला."

"आणि पेशीला काही होत नाही?"

"पेशी स्वतः जागा करून देते. थोड्या दिवसांनी हे विरघळतं आणि पेशी पहिल्यासारखी होते."

मी बराच वेळ डोळे वर घेतले नाहीत. वाईट वाटत नव्हतं, उलट फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी एका घराण्यातल्या फक्त गुन्हेगारांना भेटत होते, आणि आता कोणीतरी त्यांच्या सज्जन नातलगांशी ओळख करून देत होतं. त्या दिवसापासून आठवड्यातल्या दोन सकाळी मी लॅबमध्ये जायला लागले. मुलगी विचारायची, "आई, बुक क्लब?" मी म्हणायचे, "कॅन्सल केला."

पुढच्या मेमध्ये खरा प्रयोग सुरू झाला. रेड मेपलच्या बिया त्याच महिन्यात पडतात, पंख लावून भिंगरीसारख्या फिरत, आणि ओल मिळाली की लगेच रुजतात. आम्ही तिघांनी लायब्ररीच्या पार्किंगमधून पिशवीभर बिया वेचल्या. लोक बघून जात होते. एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, काही हरवलंय का? मिस्टरांनी त्याला थांबवून घेऊन मायकोरायझावर असं भाषण दिलं, की शेवटी त्यानेही एक मूठ वेचून दिली.

रोपं निम्म्या कुंड्यांत ज्वारीच्या मुळांसकट वाळवलेल्या मातीवर, निम्म्यांत तीच माती पण वाफेवर निर्जंतुक केलेली. कुठली कुंडी कुठली हे मला माहीत नव्हतं. रोपं चार पानांची झाल्यावर तिने खारं पाणी घालायला सुरुवात केली. जुलैअखेर सगळ्यांच्याच पानांच्या कडा जळायला लागल्या. सप्टेंबरमध्ये बहुतेक रोपं गेली. बुरशीवाली गेली, बिनबुरशीची गेली.

"कदाचित मीठ जास्त झालं," ती म्हणाली. आवाज सरळ होता, पण त्या संध्याकाळी ती वर चहाला आली नाही.

मेलेल्या रोपांची मुळं मी बघायला घेतली. पहिली काचपट्टी रिकामी. दुसरी रिकामी. निम्म्या तरी भरलेल्या असायला हव्या होत्या. मी दिवसभर बघत राहिले, आणि कुठेही एकही निळं झाड नव्हतं. कोणाला तरी वाईट बातमी सांगणं हा माझा जुना धंदा, पण ती मी नेहमी दुसऱ्या डॉक्टरला फोनवर सांगायचे. ज्याची बातमी त्याच्यासमोर बसून सांगायची वेळ क्वचितच यायची. मी घरी आले, खाली गेले आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसले.

"बाळा, तुझी बुरशी मेली नाही," मी म्हटलं. "ती मुळात शिरलीच नव्हती. एकाही रोपात नाही."

ती रडली, चांगली हमसून हमसून रडली. परत जाते म्हणाली, अकोल्यालाच बरी होते म्हणाली, बाबांना काय सांगू म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने मिस्टर जिन्यावरून अर्धे खाली आले, परिस्थिती बघून परत वर गेले, आणि पोह्यांची बशी घेऊन पुन्हा आले.

पोहे खाता खाता तिचा हात थांबला. "काकू, शिरलीच नाही म्हणजे... झाडाला तिची गरजच पडली नसेल." ती ताडकन उठली आणि लॅपटॉप काढला. कुंडीतली माती हलकी करण्यासाठी तिने ग्रीनहाउसमधलं तयार मिश्रण वापरलं होतं. त्या मिश्रणात हळूहळू विरघळणारं खत होतं, भरपूर फॉस्फरसवालं. ज्या झाडाच्या पानात आधीच वाढून ठेवलंय, ते कशाला कोणाला साखर देऊन फॉस्फरस विकत घेईल? त्याने बुरशीला आत घेतलंच नाही. मग मीठ आलं तेव्हा ते एकटं होतं.

"म्हणजे प्रयोग चुकला नाही," मिस्टर म्हणाले. "झाडं लाडावली."

ती रडता रडता हसली. आणि परत जायचा विषय पुन्हा काही निघाला नाही.

पुढच्या वसंतात सगळं पहिल्यापासून. नुसती वाळू आणि साधी माती, खत अगदी जपून. शिवाय मीठ सुरू करायच्या आधी काही मुळं माझ्याकडे. "काकू, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी मिठाला हात लावणार नाही," ती म्हणाली. मी बघितलं. काही काचपट्ट्या रिकाम्या आणि काही निळ्या डहाळ्यांनी गच्च. मी हो म्हटलं. तिने मीठही यावेळी थोडं थोडं वाढवत नेलं.

ऑगस्टच्या शेवटी तिने मला ग्रीनहाउसमध्ये उभं केलं आणि म्हणाली, "आता ओळखा." ओळखायला मायक्रोस्कोपची गरज नव्हती. एका बाजूच्या रोपांची पानं कडेपासून निम्मी तपकिरी झालेली, बरीचशी गळलेली. दुसऱ्या बाजूची रोपं काही फार मोठी नव्हती. गोड्या पाण्यावरच्या रोपांपुढे ती खुजीच दिसत होती, आणि त्यातलीही काही मेली होती. पण बाकीची हिरवी होती. तेच खारं पाणी पिऊन, हिरवी.

तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे तिचे वडील, सकाळचं अंगण, गळ्यात टॉवेल. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही बाजूंची रोपं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "मीठ आणखी वाढवलं तर?"

"तर तीही मरतात, बाबा. बुरशीही मरते. एका मर्यादेपर्यंतच."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे खरं आहे."

प्रयोग संपल्यावर काही रोपं उरली. ती आमच्या मागच्या अंगणात जाळीच्या आत वाढत राहिली, आणि वर्षभराने कमरेएवढी झाली. मिस्टरांच्या डोक्यात कोपऱ्यावरची ती पट्टी होतीच. तिथे तोवर कॉन्ट्रॅक्टरचं तिसरं झाड येऊन गेलं होतं. त्यांनी लँडस्केप कमिटीपुढे विषय मांडला, मी सोबत गेले. कमिटीचे अध्यक्ष हवाई दलातून रिटायर झालेले एक उंच, शांत गृहस्थ. झाड ठरलेल्या जाडीचंच असलं पाहिजे असा नियम, आणि आमची रोपं बोटाएवढ्या जाडीची.

"या मुळात फंगस आहे असं तुम्ही म्हणताय," अध्यक्ष म्हणाले, "आणि ते तुम्हाला कॉलनीत लावायचंय."

मिस्टर उत्साहाने उभे राहिले. मी त्यांना बाहीला धरून खाली बसवलं आणि स्वतः बोलले. मी कोण होते, बुरशी बघण्यात किती वर्षं घालवली, आणि या बुरशीला मी का घाबरत नाही, एवढंच सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तसंही तिथे काही जगत नाहीये. एक हिवाळा बघू या." नियमाला बगल द्यायला त्यांनी त्याला 'तात्पुरती लागवड' असं नाव दिलं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तीन रोपं लावली. जानेवारीत बर्फ पडला, प्लाउ आला, आणि नेहमीप्रमाणे सगळा ढीग तिथेच. मी खिडकीतून बघत राहिले. करण्यासारखं काही नव्हतं. बर्फ वितळल्यावर मिस्टरांनी पाइप लावून दोन दिवस त्या पट्टीत गोडं पाणी सोडलं, मीठ खाली धुऊन जावं म्हणून. एक रोप प्लाउच्या पात्याने मुळासकट उखडलं होतं. त्यात मिठाचा काही दोष नव्हता. उरलेल्या दोघांना एप्रिलमध्ये तांबूस कोंब फुटले, आणि मेमध्ये पानं आली. काही पानांच्या कडा किंचित जळल्या होत्या. बाकी सगळं ठीक.

मिस्टरांनी कॉलनीभर सांगून टाकलं की बुरशीने झाडं वाचवली. आमच्या पीएचडीवालीने त्यांना टेबलाशी बसवून समजावलं. "काका, दोन झाडांवरून काही सिद्ध होत नाही. पाणी तुम्ही घातलंत, रोपं लहान असताना लावली, हिवाळाही फार कडक नव्हता. बुरशीचा वाटा असेल, पण किती ते मी सांगू शकत नाही."

"मी सांगू शकतो ना," मिस्टर म्हणाले. "मला थोडीच थिसिस लिहायचाय!"

तिचा थिसिस त्याच उन्हाळ्यात झाला. आता ती चेसापीक खाडीच्या पलीकडे नोकरी करते. तिथे समुद्राचं पाणी दर वर्षी थोडं थोडं आत येतंय. शेतांच्या कडेला जंगलच्या जंगल उभ्या उभ्या वाळलंय, नुसती पांढरी खोडं, फांद्या नाहीत. पण त्या वाळक्या झाडांच्या अलीकडे तिने रोपांच्या रांगा लावल्यात, वेगवेगळ्या जातींच्या, बुरशी असलेल्या आणि नसलेल्या. एक शेतकरी बाई तिच्याबरोबर काम करते. जमीन त्या बाईंच्या आजोबांपासूनची. कुठली रांग जगेल याचा दोघींनाही अजून अंदाज नाही.

मागच्या महिन्यात आम्ही डबा घेऊन गेलो होतो. थालीपीठ, दही, लोणचं. गाडीची मागची फळी पाडून तिच्यावरच चौघं जेवलो. शेतकरी बाईंना थालीपीठ इतकं आवडलं की त्यांनी त्यात काय काय असतं ते लिहून घेतलं. जेवण झाल्यावर मिस्टर पाणी कुठे तुंबतंय ते बघायला बांधावरून निघून गेले. मी आणि ती एका बादलीशी बसलो, आणि तिने उपटून आणलेल्या रोपांची मुळं गोड्या पाण्यात हलक्या हाताने धुवायला लागलो. चिकणमाती होती, सुटायला वेळ लागत होता. वारा खाडीवरून येत होता. आम्हाला कोणालाच कुठे जायची घाई नव्हती.